मागच्या सीटवरचे मार्क

हसनचाचा,

तुमच्या दफनाला मी नव्हते. बायका जात नाहीत, हे एक. आणि गेले असते तरी कोण म्हणून उभी राहिले असते, हे दुसरं. माझ्या इकामावर, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यावर, नर्स लिहिलंय, तुमच्या इकामावर वेल्डर. या दोघांना जोडणारं नातं कुठल्याच सरकारी फॉर्मवर छापलेलं नाही. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. चार पेशंट, चार मशीन. एकाने विचारलं, सिस्टर, डोळे का लाल? मी म्हटलं, एसीचं वारं लागलं. सरळ खोटं बोलले. तुम्हाला ऐकून बरं वाटलं असतं.

मला पत्रक लिहायची सवय. नर्सिंग कॉलेजात होते तेव्हा होस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, मग स्टायपेंडवर, आणि इथे आल्यापासून आखातात निघालेल्या कोकणातल्या माणसांसाठी. एक पान, एक राग, शेवटी मागण्या. इथे वाटता येत नाही म्हणून मजकूर चिपळूणला पाठवायचा, तिथल्या मैत्रिणी छापून जिल्ह्यातल्या एसटी स्टँडांवर वाटतात. तुम्ही म्हणायचात, "तुझं पत्रक वाचताना वाटतं, आपण आंघोळीला बसलोय आणि कोणीतरी दार बडवतंय." मी चिडायचे. आज पान समोर आहे आणि मागणी एकही नाही. कोणाकडे करू?

तुम्ही पहिल्यांदा वॉर्डात आलात ते स्वतःसाठी नव्हे. गोरखपूरच्या एका सुताराला घेऊन आला होतात. तो खाली मान घालून बसलेला, आणि तुम्ही डॉक्टरांना अरबीत, मला मराठीत त्याची सगळी कहाणी सांगत होतात. कुठे दुखतं, कधीपासून, लघवीचा रंग काय. तिसऱ्या खेपेला मी तुम्हाला झापलं. त्याला तोंड आहे, त्याला बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "त्याला लाज वाटते गो. मला दुसऱ्याचं सांगायला लाज वाटत नाय." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असायची: ज्याचं दुखणं, त्याचाच आवाज. मला ती ओळ फार आवडायची.

मग शुक्रवारी बलदमध्ये, जेद्दाच्या जुन्या बाजारात, चहा सुरू झाला. तुमची खोली तिथेच, हजला नेसायची इहरामची कापडं विकणाऱ्या बशीरच्या दुकानावर. दुकानाबाहेरच्या बाकावर तुम्ही, मी, कधी माझ्या हॉस्पिटलमधली एखादी मैत्रीण, आणि चहा बशीर शेजारून आणायचा. तुम्ही दाभोळ खाडीकडचे, मी चिपळूणची. तुम्हाला बोलायला मराठी हवं होतं आणि मला भांडायला.

आणि भांडायला विषय मिळाला तो त्या गाडीचा.

तुम्ही एकोणीस वर्षं राबिघच्या रिफायनरीत शटडाऊन निघाला, म्हणजे दुरुस्तीसाठी काम बंद ठेवलं, की पाइप जोडणारा माणूस. गुडघे गेले तसं ठेकेदाराने तुम्हाला हेल्पर करून एका फ्रेंच गाडीच्या टीमला देऊन टाकलं. जेद्दाबाहेर एक शेड, त्यात दोन झाकलेल्या गाड्या. पॅरिसच्या लोकांना एक महागडी हॅचबॅक काढायची होती. छोटी गाडी, पण आतून मोठ्या गाडीचा थाट. हाताने शिवल्यासारखं चामडं, खऱ्या धातूची बटणं. ती आपल्या इथल्या उन्हात टिकते का, हे बघायला ते उन्हाळ्यात यायचे. अंगभर काळ्यापांढऱ्या वेलबुट्टीची फिल्म चिकटवलेली, म्हणजे रस्त्यावर कोणी फोटो काढला तरी आकार कळू नये. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यावरही स्टिकर. त्यामुळे दोन उन्हाळे तुम्ही ज्या गाडीत बसत होतात, ती दिसते कशी हे तुम्हालाच धड माहीत नव्हतं. तुम्ही ती बोटांनी ओळखली होती. फिल्मखाली मागच्या दारावरून एक धार वर जाते आणि छताला धरणाऱ्या जाड खांबात मिसळते, हे तुम्ही मला चहाच्या ग्लासावर बोट फिरवून दाखवलंत. मी म्हटलं, चाचा, ग्लास गरम आहे. तुम्ही म्हणालात, "कुठे?"

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काम काय, तर सकाळी गाडी काचा बंद करून उन्हात ठेवायची. ते त्याला सोक म्हणायचे, तुम्ही म्हणायचात, गाडी मुरायला ठेवलीय. लोणच्यासारखी. भर दुपारी दारं उघडून चौघांनी आत बसायचं, एसी पूर्ण सोडायचा आणि निघायचं. गाडीभर वायरी, प्रत्येक वायरीच्या टोकाला तापमापक. पण क्लेअर, म्हणजे त्या टीमची प्रमुख इंजिनिअर, म्हणायची की वायरीला घाम येत नाही. म्हणून दर मिनिटाला प्रत्येकाने मोठ्याने मार्क सांगायचे. दहापैकी. दहा म्हणजे आराम, एक म्हणजे आता बाहेर काढा. एक दिवस चौथा माणूस कमी पडला आणि तुम्हाला मागच्या सीटवर बसवलं.

तुम्ही पहिल्या मिनिटाला सांगितलंत, आठ.

पुढे बसलेला फ्रेंच पोरगा दोन म्हणत होता. ड्रायव्हर तीन. तुमच्या कपाळावरून घाम दाढीत उतरत होता आणि तुम्ही, आठ. दुसऱ्या दिवशी आठ. आठवडाभर आठ, एकदा नऊ, कारण त्या दिवशी म्हणे त्यांनी तुम्हाला थंड पाण्याची बाटली दिली होती आणि कमी सांगणं बरं दिसलं नसतं. मग त्या धातूच्या बटणांचं. क्लेअरने विचारलं, हाताला लागतात का? तुम्ही दाबून बघितलीत, बरोबर आहेत म्हणालात. तिने बोट ठेवलं आणि फोड आला. तुमच्या बोटांना वेल्डिंगने केव्हाच मुकं केलं होतं.

तिने तुमचे सगळे कागद बाजूला काढले. तुमचे मार्क खोटे नाहीत, पण फार सभ्य आहेत, म्हणाली. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा शाळेत नापास झालेल्या पोरासारखं तोंड झालं होतं. "काढून टाकणार मला," म्हणालात. मी म्हटलं, काढू देत. ठेकेदाराच्या बसला एसी नाही, रस्त्यावर त्यांच्यासाठी वाहतूक अडवायचे शंकू धरून उभ्या असलेल्या माणसाला कोणी मार्क विचारत नाही, आणि ज्या मागच्या सीटवर उद्या श्रीमंतांची पोरं बसणार, तिच्यासाठी पॅरिसहून विमानं येतात. तुम्ही ग्लास खाली ठेवलात आणि म्हणालात, "निदान सीटसाठी तरी विचारतात. विचारायची सवय लागली तर माणसापर्यंत पण येतील." मी म्हटलं, तोवर माणूस उरायला हवा. त्या दिवशी मी जिंकले असं मला वाटलं होतं.

पण तिने काढलं नाही तुम्हाला. पुढच्या आठवड्यात ती स्वतः मागे तुमच्या शेजारी बसली. गाडी मुरलेली, दारं बंद. तिने मार्क विचारले नाहीत. तिने विचारलं, तुमच्या जागी आता तुमची आई बसली असती तर?

तुम्ही सांगितलंत, दोन.

मग म्हणालात, नाही, एक. तिला दमा आहे. मानेमागे या खांबाजवळ गरम हवा साचते, ती तिथे डोकं टेकवेल. आणि वारं येतं ते गुडघ्यावर येतं, तोंडावर येत नाही. आणि माझी मुलगी रुखसाना असती तर, मांडीवर बाळ घेऊन, तर बाळाच्या डोक्याला या बाजूने ऊन लागेल, तिला पदर धरून बसावं लागेल, तीन. क्लेअर लिहीत गेली. तुम्ही तोंड उघडल्यावर थांबलाच नाहीत. त्या उन्हाळ्यात तुम्ही मागच्या सीटवर अख्खं गाव बसवलंत. आई, रुखसाना, तिची सासू, हज करून परतलेले बांगी मास्तर. प्रत्येकाचे मार्क वेगळे, प्रत्येकाची तक्रार वेगळी. मास्तरांना आवाज सहन होत नाही म्हणून पंखा कमी हवा, सासूबाईंना काहीच पसंत पडत नाही म्हणून त्यांचे मार्क धरू नका. शेवटी एसीच्या मागच्या झडपा वर सरकल्या आणि त्यांच्या पात्यांचा कोन बदलला. खांब मात्र बदलला नाही. पॅरिसहून निरोप आला की तो खांब म्हणजे गाडीचा चेहरा आहे. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "बरोबर केलं त्यांनी. तो खांब सुंदर आहे गो. सुंदर गोष्टीला थोडी उष्णता सोसावीच लागते."

असलं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कोणी सोसायची? मी विचारलं. तुम्ही बशीरला अजून एक चहा सांगितलात.

आता मी केलेलं सांगते.

मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'दहापैकी आठ'. एक माणूस आहे, भट्टीत बसवला तरी आठ सांगतो. कारण आयुष्यभर त्याला शिकवलंय की मालकाने विचारलं तर बरं आहे म्हणायचं. असे आठ सांगणारे आपण सगळे आहोत, म्हणून ठेकेदार माजले. नाव घातलं नाही. पण आईची गोष्टही घातली नाही. अर्धंच पान भरून राग झाला होता, उरलेलं अर्धं मागण्यांना लागलं. मला माहीत होतं मी काय गाळतेय. पत्रकात दोन बाजू आल्या की धार जाते, हे मला सिनियरांनी शिकवलं होतं, आणि मी हुशार विद्यार्थिनी होते.

ते पत्रक दापोलीच्या स्टँडवर रुखसानाच्या नवऱ्याच्या हातात पडलं. तिने वाचलं आणि तुम्हाला फोन केला, अब्बा, हे तुम्ही का? तुम्ही नाही म्हणालात. म्हणालात, इथे असे पुष्कळ आहेत.

शुक्रवारी तुम्ही बाकावर बसलात आणि खिशातून मोबाइल काढून त्या पानाचा फोटो माझ्यासमोर धरलात. रागावला नव्हतात. रागावला असतात तर मला येतं भांडता. तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्धं लिहिलंस."

मी म्हटलं, एकच पान असतं चाचा. आणि खोटं काय आहे त्यात?

"खोटं नाय. माझ्या पोरीने वाचलं."

मग मी बोलले ते इथे लिहिते, कारण ते ऐकायला तुम्ही आणि बशीर दोघंच होतात आणि बशीर कोणाला सांगणार नाही. मी म्हटलं, तुमच्यासारखे मिंधे आहेत म्हणून आम्हाला लिहावं लागतं. स्वतःसाठी एकदा तोंड उघडा, मग मी पुरं छापेन.

तुम्ही उठलात. माझ्या चहाचे पैसे नेहमीप्रमाणे तुम्हीच दिलेत आणि जिना चढून गेलात, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी.

नंतरचे शुक्रवार मी गेले नाही. ड्यूटी लावून घेतली. मेसेज कमी झाले. तुमच्या खोलीतला जोडीदार, तो गोरखपूरचा सुतार, एक्झिट, म्हणजे कायमचा परतीचा शिक्का, लागून गावी निघाला तेव्हा त्याच्या निरोपाच्या चहाला तुम्ही बोलावलंत म्हणून आले, पण त्याच्याशीच बोलत बसले. तुम्ही त्याची बॅग बांधत होतात. दुसरी खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मी ती बघितली. हे मी मुद्दाम लिहितेय. मी ती खाट बघितली होती.

मग एक दिवस तुमच्याकडून एक फोटो आला. गाडी बाजारात आली होती. फिल्म नाही, काही नाही, गर्द निळी, आणि मागच्या दारावरून वर जाणारी ती धार. खाली तुम्ही लिहिलं होतं, बघ, मी सांगत होतो तशीच आहे. चाचा, ती खरंच सुंदर होती. दोन उन्हाळे नुसत्या बोटांनी बघितलेली वस्तू डोळ्यांनी बघताना कसं वाटलं, हे तुम्हाला कोणाला तरी सांगायचं असणार. मी अंगठा पाठवला. पिवळा, तयार मिळतो तो.

आणि मग तो मंगळवार.

दुपारचा ब्रेक होता, माझ्या हातात डबा होता. तुमचा फोन. इतक्या दिवसांनी. आवाज नेहमीचाच, थोडा दमलेला. तुम्ही माझी खुशाली विचारलीत, आईची विचारलीत. मग म्हणालात, "सिस्टर, एक विचारायचं होतं. माझ्या खोलीतल्या एकाच्या छातीत कालपासून जळजळतंय. डावा हात पण जड झालाय म्हणतो. त्याला काय सांगू?"

तुम्ही मला फोनवर कधी सिस्टर म्हणत नव्हतात. गो म्हणायचात.

मी म्हटलं, दवाखान्यात जायला सांगा. तुम्ही म्हणालात, "जाईल. पण इतकं काय नसेल ना? जेवण जड झालं असेल." आणि मला ते सगळं पुन्हा डोक्यात चढलं. तो वॉर्डातला सुतार, ते आठ मार्क, ती तुमची सभ्यता. मी म्हटलं, चाचा, तुम्ही परत दुसऱ्याचं दुखणं घेऊन आलात. त्याला स्वतःचं तोंड आहे ना? त्याला फोन करू दे. मी दुसऱ्याच्या तोंडून तक्रार घेत नाही.

"बरं," म्हणालात. "सांगतो त्याला."

मी डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. मला सगळं आठवतं.

गुरुवारी सकाळी शेडची गाडी तुम्हाला न्यायला आली, तुम्ही खाली उतरला नाहीत. बशीर वर गेला. त्याने मला फोन केला तो हिंदीत, तुटक. मी पहिल्यांदा काय विचारलं माहीत आहे? मी विचारलं, त्यांच्या खोलीतला दुसरा माणूस कुठे आहे, त्याच्या छातीत दुखत होतं. बशीर म्हणाला, कौन दूसरा, सिस्टर? चार महीने से अकेले थे।

मी परिचारिका आहे. माणसं कशी लपवतात हे ओळखणं माझी नोकरी आहे. तुमच्यासारख्यांसाठी मी पत्रकं लिहिते. आणि एका परक्या बाईला, जिला तुमची भाषाही येत नव्हती, एका आठवड्यात कळलं की या माणसाला त्याचं स्वतःचं विचारायचं नसतं. तिने ते एका गाडीसाठी शोधून काढलं. मला तर तुम्ही ती गोष्ट स्वतः सांगितली होती. मी ती जागा नाही म्हणून गाळली होती.

तुम्ही मंगळवारी तक्रार केलीत, चाचा. मी तुम्हाला म्हटलं होतं तसं स्वतःसाठी तोंड उघडलंत. तुम्हाला जमेल त्या एकाच रीतीने, मागच्या सीटवर दुसऱ्याला बसवून. आणि तुम्ही फॉर्म बरोबर भरला नाहीत म्हणून मी तो परत पाठवला.

'ज्याचं दुखणं, त्याचाच आवाज' ही ओळ आता माझ्या पत्रकावर नसते. चिपळूणच्या मैत्रिणींनी विचारलं, का काढलीस, चांगली होती. मी कारण दिलं नाही. देईन. पुरं छापेन म्हटलं होतं, ते छापेन, आणि दोन पानं लागली तर दोन. पण त्यामुळे तुमच्या खोलीत कोणी येत नाही, आणि शुक्रवारी त्या बाकावर बसलं की बशीर दोन चहा आणतो आणि मग एक परत घेऊन जातो. इथे हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये माझ्या मजल्यावर बारा खोल्या आहेत. सगळ्या भरलेल्या आहेत. मी कोणाशी मराठीत भांडू?

काल रुखसानाचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. तिने विचारलं, अब्बा शेवटी कोणाशी बोलले? घरी तर सोमवारनंतर फोन नव्हता. मला गप्प बसता आलं असतं. मी सांगितलं, माझ्याशी. मग सगळं सांगितलं, मंगळवारचं, शब्दन् शब्द, तुम्ही काय विचारलंत आणि मी काय बोलले. त्याआधीचं पत्रकाचंही. मला वाटलं फोन ठेवेल. ठेवायला हवा होता. बाळाला कोणीतरी उचलून दुसरीकडे नेलं, आवाज लांब गेला, आणि मग ती अगदी तुमच्यासारखी हळू म्हणाली, "मग सिस्टर, अशा माणसाला काय सांगायचं असतं?"

मी सांगायला लागले. उभं राहायचं नाही. जिना उतरायचा नाही, गुडघ्यांसाठी नाही, छातीसाठी. भिंतीला टेकून बसायचं, दाराची कडी आधी काढून ठेवायची, शर्टाची बटणं सोडायची. बशीरला वरूनच हाक मारायची, जोरात, लाजायचं नाही, तो दुकान सोडून येईल. तो गाडी बोलावेल. आणि फोन ठेवायचा नाही, चाचा, कानाला धरून ठेवा, काही बोलला नाहीत तरी चालेल, मी निघालेय.